वामनरावांच्या कानावरची मशीन

मी वामनरावांच्या उजव्या कानावर बसलेली मशीन बोलतेय. तसं माझं काम बोलण्याचं नाही, दुसऱ्याचं बोलणं आत पोचवण्याचं आहे. पावतीवर माझं नाव 'श्रवणयंत्र' असं छापलंय, पण बाभुळगावात त्या नावानं मला कोणी ओळखत नाही. "वामनराव, मशीन लावली का?" असंच सगळे विचारतात. मलाही तेच बरं वाटतं.

माझा कारखाना कुठला ते मला आठवत नाही. पहिल्यांदा जाग आली ती यवतमाळच्या एका दुकानात, चार वर्षांपूर्वी. तिथल्या ताईंनी वामनरावांच्या कानात मऊ गुलाबी लगदा भरला, तो घट्ट झाल्यावर काढला आणि त्या साच्यावरून माझा कानात बसणारा तुकडा घडवून घेतला. म्हणजे मी दुसऱ्या कोणाच्या कानात बसूच शकत नाही. रंग कातडीसारखा, अंग काजूएवढं, पोटात हरभऱ्याएवढा सेल. आणि पाठीवर एक कळ. कळ वर केली की मी चालू, खाली केली की बंद.

"काका, दिवसभर लावून ठेवा, हळूहळू सवय होईल," असं ताईंनी बजावलं होतं. सवय झाली, पण ती कळेची.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, पुढे लागेल. मी बंद असले की मला काही ऐकू येत नाही, आणि वामनरावांनाही नाही. पण कानावर तर मी असतेच ना. वामनरावांनी मान डोलावली की मीही वर-खाली होते. तेवढं मला बंद असतानाही कळतं.

वामनराव तालुक्याच्या कोर्टात तेहतीस वर्षं कारकून होते. पत्नी जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा सलील यवतमाळला राहतो, लोहाऱ्याच्या एमआयडीसीत नोकरी करतो. त्यामुळे घरात आम्ही दोघंच. सकाळी आंघोळ झाली की ते मला फडक्यानं पुसतात, कानावर चढवतात आणि वाचनालयाच्या ओट्यावर जाऊन बसतात.

साडेआठला तिथे पेपर येतो आणि नऊच्या आत त्यावरून भांडण पेटतं. एका बाजूला नागोराव. घरचा कापूस, तूर, सोयाबीन आणि दोन वावरं ओलांडून जाईल असा आवाज. दुसऱ्या बाजूला सेवादास गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. ते हळू बोलतात आणि म्हणूनच जास्त टोचतात.

"यान सोडायच्या आधी नारळ फोडला, तं तुमच्या विज्ञानाचं काय बिघडते?" नागोराव विचारायचे.

"बिघडत काहीच नाही," गुरुजी म्हणायचे. "फक्त यान पडलं तं नारळाले कोणी जाब विचारत नाही."

कधी भोंग्यांचा विषय, कधी आरक्षणाचा. कधी पैसेवाल्याला आठ दिवसांत जामीन कसा मिळाला आणि गरिबाचा पोरगा अजून आतच कसा, याचा. 'कायदा सगळ्यांना सारखा हवा' यावर दोघांचं एकमत असायचं, आणि सुरुवात कोणापासून करायची यावर भांडण.

वामनराव दोघांच्या मध्ये बसत. नागोरावांचा आवाज चढला की ते कानामागे खाजवल्यासारखं करत आणि कळ खाली ओढत. मग मला फक्त मान डोलताना जाणवे. एकदा डावीकडे वळून, एकदा उजवीकडे वळून. पंधरा-वीस मिनिटांनी कळ वर जाई आणि मला वामनरावांचा भारदस्त आवाज ऐकू येई, "दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकलं. दोन्हींत तथ्य आहे."

नागोराव खूश, गुरुजीही खूश. "माणूस ऐकून घेतो बाप्पा," अशी वामनरावांची ख्याती झाली. बांधाची भांडणं, सासू-सुनांची भांडणं लोक त्यांच्याकडे आणू लागले. मला फार लाज वाटायची. सगळं ऐकलंय असं माझ्या मालकानं छातीठोकपणे सांगायचं आणि मी गप्प बसायचं, म्हणजे मीही त्यात सामील झाले की.

मग एक दिवस पेपरात बातमी आली. वडिलांच्या जमिनीत सारखा वाटा मागणाऱ्या एका बहिणीच्या बाजूनं कोर्टानं निकाल दिला होता.

"लगनात केलं नव्हतं का तिचं? आता वावरही पायजे?" नागोराव तापले. "मंग भाऊबीजेले कोण्या तोंडानं येईन ते?"

"पोरगी बापाची नसते का?" गुरुजी म्हणाले. "का फक्त ओवाळाच्या कामाची?"

त्या दिवशी वामनरावांनी मला बंद केलं नाही. उलट हात वर करून दोघांना थांबवलं. "यात वाद कायचा? कायदा म्हणजे कायदा. लेकीचा वाटा लेकीला." ओट्यावरची चार माणसं वा वा म्हणाली. मला पहिल्यांदा आपल्या मालकाचा अभिमान वाटला.

तो संध्याकाळपर्यंत टिकला. संध्याकाळी सलीलचा फोन आला. "बाबा, हक्कसोडीचा कागद तयार झाला. आत्याले मी फोन केला, ते रविवारी येते. सोमवारी सही-अंगठा झाला की रस्त्याच्या बाजूनं गोदामाचं काम सुरू करतो."

आत्या म्हणजे वामनरावांची धाकटी बहीण, विमलताई. गावाबाहेर वडिलांचं सहा एकर वावर आहे. वडील गेल्यावर त्याच्या सातबाऱ्यावर बहीण-भाऊ दोघांची नावं लागली. आपल्याकडे पुढचं ठरलेलंच असतं. बहीण येते, हक्क सोडल्याच्या कागदावर सही करते, भाऊ तिला लुगडं घेतो आणि सगळे म्हणतात, बहीण मोठ्या मनाची. वामनरावांनी लुगडं आणूनही ठेवलं होतं, हिरवं, बारीक काठाचं.

"विमल नाही म्हणणार नाही," ते फोनवर म्हणाले. "तिनं आजवर कशाले नाही म्हटलं?" तिला आजवर कोणी काही विचारलं होतं का, हे मला विचारावंसं वाटलं.

रविवारी विमलताई ढाणकीहून एसटी बदलत बदलत आल्या. वय चौसष्ट, नवरा नाही, मुलाच्या घरी राहतात. आल्या आल्या पदर खोचून त्यांनी भाकरी थापल्या, वांग्याची भाजी केली. भावाला वाढलं, आपलंही ताट घेतलं. दोन घास झाल्यावर म्हणाल्या, "दादा, मले तुह्याशी बोलाचं हाये. वावराचं."

वामनरावांचं बोट कानामागे गेलं आणि मी बंद झाले.

नंतर काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मान डोलावली तेवढी कळली. एकदा डोलावली. बऱ्याच वेळानं पुन्हा एकदा. आणि शेवटी एकदा, ओट्यावर निकाल देण्याआधी डोलावतात तशी, सावकाश.

सकाळी मी चालू झाले तेव्हा विमलताई चहा गाळता गाळता गुणगुणत होत्या. "दादा, रात्री कितीक दिवसांनी शांत झोप लागली," त्या म्हणाल्या. "बरं झालं," वामनराव म्हणाले. ती कशामुळे लागली ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं.

अकरा वाजता आम्ही सगळे दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात होतो. सलील कागद घेऊन आला होता. साक्षीदार म्हणून नागोराव आणि सेवादास गुरुजी. गुरुजींनी ओट्यावरच्या 'लेकीचा वाटा लेकीला'ची आठवण करून दिली होती, पण 'बहिणीची राजीखुशी आहे' असं वामनरावांनी सांगितल्यावर ते साक्षीला आले होते.

साहेबांनी कागद चाळला. विमलताईंना समोर बसवलं. त्यांनी पेन हातात घेतला तसं साहेबांनी नियमाप्रमाणे विचारलं, "आजी, तुम्ही तुमचा हिस्सा भावाला सोडून देताय. राजीखुशीनं ना?"

पेन थांबला. "सोडून? नाही जी. हा वाटणीचा कागद हाये ना?"

"आत्या, हक्कसोडच हाये," सलील म्हणाला. "फोनवर सांगतलं होतं ना मी."

"तू सांगतलं होतं. म्हणूनच तं मी रात्री दादाले म्हटलं, का मी हक्क सोडत नाही, माह्या वाट्याचं तीन एकर माह्या नावानं राहू दे. सही पायजे तं वाटणीच्या कागदावर घे. दादानं मान डोलवली. एकदा नाही, तीनदा डोलवली."

सगळे वामनरावांकडे बघू लागले. तीनदा. माझाही हिशेब तेवढाच होता.

"तुमचा काही तरी गैरसमज झाला असन, आत्या," सलील चिडून म्हणाला. "बाबा असं कायले कबूल करतीन?"

"ठरवा लवकर," साहेब म्हणाले. "मागे लोक थांबलेत."

वामनरावांच्या जिभेवर कुठलं वाक्य आलं असेल ते मी सांगू शकते. 'मी असं काही बोललो नाही.' त्यात एक शब्द खोटा नव्हता. कोर्टात शपथेवरसुद्धा चाललं असतं. मग विमलताईच चुकीच्या ठरल्या असत्या, चार माणसांत ओशाळल्या असत्या आणि ओशाळून सही करून मोकळ्या झाल्या असत्या. खरं काय ते फक्त मला आणि वामनरावांना माहीत होतं, आणि मला तोंड नाही. त्यांच्या कानशिलावरची शीर माझ्या अंगाखाली उडत होती. मी फार घाबरले होते.

"विमल खरं सांगून राह्यली," वामनराव म्हणाले. "मी मान डोलवली. पण ऐकलं काहीच नाही. मशीन बंद होती."

विमलताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग भावाकडे. "बंद होती, का बंद केली?"

वामनरावांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. "बंद केली."

"आता चालू हाये?"

"हाये."

"मंग आता ऐक." पेन तसाच हातात धरून त्या बोलू लागल्या. "तीन एकरानं मी काही राणी होत नाही. पण पोराच्या घरी चप्पल तुटली तरी सांगाच्या आधी दोन दिवस इचार करा लागते मले. माह्या नावचा एक सातबारा असन, तं मी कोणाच्या दारात उभी नाही, असं वाटन. माहेर तुटन म्हणून इतके वर्षं चूप होती. दादा, बाबा आपल्या दोघांचे होते का नाही?"

मी एकेक शब्द जसाच्या तसा आत पोचवला. चार वर्षांत इतकं मन लावून मी कधी काम केलं नव्हतं.

"होते," वामनराव म्हणाले. साहेबांकडे वळून त्यांनी हात जोडले. "साहेब, हा कागद राहू द्या."

सलीलनं कागद गोळा केले आणि तो यवतमाळला निघून गेला. दुपारच्या गाडीनं विमलताईही निघाल्या. बसस्टँडवर वामनरावांनी पिशवीतून ते हिरवं लुगडं काढलं.

"सही तं केली नाही मी," विमलताई म्हणाल्या. "मंग लुगडं कायचं?"

"भावाचं," वामनराव म्हणाले. विमलताईंनी आपली पिशवी उघडून ते आत ठेवलं. त्या रडल्या, वामनरावही रडले. मला रडता येत नाही, पण माझ्यात थोडं पाणी गेलं आणि तासभर मी खरखरत होते.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर पेपर आला, पण तो कोणी उघडला नाही. नागोराव माझ्याकडेच टक लावून बसले होते. "वामनराव, एक इचारतो. आमी दोघं भांडाचो, तवा बी मशीन बंद राहे का?"

"बहुतेक वेळा."

सेवादास गुरुजींना हसू आवरेना. "म्हणून आमच्या दोघांतही तथ्य निघाचं!"

नागोराव मात्र हसले नाहीत. त्यांना लागलं होतं. त्यांचा आवाज त्या दिवशी एवढा खाली आला, की मला कान द्यावा लागला. "ऐकाचं नव्हतं, नका ऐकू. पण मंग मान काहून डोलवाचे?"



या गोष्टीला आता आठ महिने झाले. वाटणीचा अर्ज वामनरावांनी स्वतः लिहिला. मोजणी झाली, तेव्हा बांधावर बहीण-भाऊ दोघंही उभे होते. सलील अजून कामापुरताच फोन करतो; गोदामाचं घोडं अडलंय ते अडलंच आहे. भांडणं घेऊन आता वामनरावांकडे कोणी येत नाही. ख्याती गेली, आणि खरं सांगायचं तर मला हलकं वाटतं.

कळ अजून खाली जाते. पण आता ते आधी सांगतात, "नागोराव, डोकं दुखून राह्यलं, मशीन बंद करतो." नागोराव दोन शिव्या देतात आणि गुरुजींकडे तोंड करून पुढे बोलत राहतात. दर रविवारी ढाणकीहून फोन येतो. त्या दिवशी वामनराव सकाळीच नवा सेल घालतात.

मी आता पिवळी पडलेय, कानात जाणारी माझी नळी कडक झालीय. दुकानातल्या ताई म्हणाल्या, अजून वर्षभर चालेल. ते वर्ष संपायच्या आत तुम्हाला एक सांगून जाते. तुमच्या कानावर मशीन नसेल, पण कळ तुमच्याकडेही आहे, हे मी ओट्यावर बसून पाहिलंय. समोरच्याचं ऐकायचं नसेल तर खुशाल बंद करा. पण मग मान डोलावू नका. समोर बसलेलं माणूस त्या मानेच्या भरवशावर शांत झोपतं.