काका म्हणून तीन दिवस

डोंगरमाथ्यावरच्या त्या टुमदार शहरात माणसं हवा खायला येतात. सुतार आला होता मुलाची ट्रंक न्यायला.

पंधरा दिवसांपूर्वी तिथल्या एका लॉजमधून पत्र आलं होतं. न्यूमोनिया झाला, चार दिवसांत सगळं आटोपलं, ट्रंकेत हा पत्ता सापडला, घरच्यांनी सामान घेऊन जावं. बायको एवढंच म्हणाली, "तुम्हीच हाकललंत, आता तुम्हीच घेऊन या."

खोटं नव्हतं ते. अकरा वर्षांपूर्वी सागाची एक फळी चुकीची कापली म्हणून त्याने हाताशी आलेल्या पोराच्या थोबाडीत मारली होती, तीही भर गिऱ्हाइकांसमोर. "पुन्हा माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस," असंही म्हणाला होता. पोराने बापाचा तो शब्द मात्र तंतोतंत पाळला.

लॉज चढावरच्या शंभरेक पायऱ्यांवर होतं. सुतार धापा टाकत पोचला, तेव्हा मालकीणबाई उंबऱ्यात बसून चादरींच्या घड्या घालत होत्या. सगळं गाव त्यांना मावशी म्हणायचं. त्याच्याकडे बघून त्या चटकन उठल्या.

"ट्रंक न्यायला आलात? आमच्या लांबूचे काका ना तुम्ही? नाक अगदी तेच! वडील तर त्याच्या लहानपणीच गेले म्हणे."

'मी त्याचा बाप' हे वाक्य सुताराने बसमध्ये दहादा घोकलं होतं.

"हो," तो म्हणाला. "काका."

परतीची बस सकाळची होती. मावशींनी त्याला मुलाचीच खोली दिली. स्वयंपाकघरामागची, एक खाट आणि एक खुंटी मावेल एवढीच. जेवायला वाढताना त्या बोलत राहिल्या. लांबू दहा वर्षं इथे स्वयंपाक करायचा आणि पहाटे पाहुण्यांना सूर्योदय दाखवायला कड्यावर न्यायचा. पाहुण्यांची म्हातारी माणसं दमली, तर हात धरून चालवायचा.

"शेवटचं सगळं कोणी केलं?" सुताराने विचारलं.

"आमच्या फोटोवाल्याने. दोस्त होता त्याचा. बाप नाही म्हटल्यावर दुसरं कोण करणार?"



सकाळी ट्रंक दाराशी आणून ठेवली आणि तो म्हणाला, "तुमची दारं ओलीने फुगलीत. लागत नाहीत. हत्यारं मिळाली तर तासून देतो." बस गेली. खरं म्हणजे दारं हे निमित्त होतं. त्याला अजून ऐकायचं होतं.

दोन दिवस तो आठ खोल्यांची दारं तासत होता. बाल्कनीत पाहुणे हसत होते, खालच्या तळ्याचे फोटो काढत होते. मावशी चहा घेऊन आल्या की थांबायच्या.

"त्याला कितीदा म्हटलं, सुताराचा पोर ना तू, मग एवढं कर की. पण नाही! रंध्याचा आवाज ऐकला तरी उठून जायचा."

सुताराने रंधा खाली ठेवला आणि चहाचा कप उचलला.

तिसऱ्या पहाटे फोटोवाला त्याला कड्यावर घेऊन गेला. ढग खाली, माणसं वर. सूर्य आला तशी सगळ्यांनी आरोळी ठोकली.

"इथे बसून वडिलांच्या गोष्टी सांगायचा," फोटोवाला म्हणाला. "काय देवमाणूस असेल हो तुमचा भाऊ! पोराला नदीत पोहायला शिकवलं. कधी बोट लावलं नाही. त्याच्या हातात बसेल एवढासा रंधा करून दिला होता."

पोहायला सुताराने शिकवलं नव्हतं, त्याला स्वतःलाच येत नव्हतं. बोट लावण्याचं तर बोलायलाच नको. रंध्याची गोष्ट तेवढी खरी होती. पोर तेव्हा पाच वर्षांचं होतं, आणि तो ती साफ विसरला होता.

"वडील असते तर मी इथे आलोच नसतो, म्हणायचा," फोटोवाला म्हणाला. "काका, थंडी वाजतेय का?"

"नाही रे बाबा," म्हणत त्याने उपरण्याने तोंड झाकून घेतलं. खरं काय ते ओठांपर्यंत आलं होतं, पण फोटोवाल्याच्या मनातला देवमाणूस मारायचा त्याला धीर झाला नाही.

निघताना मावशी खालपर्यंत पोचवायला आल्या. "तुमचं घर आहे हे, काका. येत जा."

घरी बायकोने ट्रंक उघडली, कपडे एकेक करून मांडीवर घेतले. बऱ्याच वेळाने विचारलं, "आपल्याबद्दल काही बोलायचा का हो?"

"बोलायचा ना. माझ्याबद्दलसुद्धा. चांगलंच बोलायचा."

पत्र आल्यापासून ती रडली नव्हती. आता तिचा बांध फुटला. "बघा, म्हणजे राग नव्हता हो त्याच्या मनात!"

"नव्हता," सुतार म्हणाला आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला. आपल्याला पोराने किती वर्षांपूर्वी मारून टाकलं होतं, हे त्याने तिला मरेपर्यंत सांगितलं नाही.