बोटभर फट

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, घरात वॉकर आला, आणि तो मधल्या दारातून जाईना. दार जेमतेम दोन फुटांचं, वॉकर त्याहून चार बोटं रुंद. मग आई आपल्या खोलीतून निघायची, व्हरांड्यातून वळसा घालायची आणि मागच्या दाराने पलीकडच्या खोलीत यायची.

"घरातल्या घरात प्रवास चाललाय माझा," ती लेकीला फोनवर म्हणाली. "ती भिंतच काढून टाक. एवढी इंजिनिअर आहेस ना?"

लेक इंजिनिअर होती खरी. गोदामं, शेड, पादचारी पूल यांचं पोलादी काम तिच्याकडे असे. दिवसभर ती तुळयांचे छेद काढायची. तुळई आडवी कापली तर कापलेलं तोंड कसं दिसेल, त्याचं चित्र. हा छंद तिला बाबांनी लावला होता. ते लोखंडाच्या यार्डात फिटर होते. रविवारी सकाळी ते अंघोळीच्या साबणाच्या वड्या घेऊन जमिनीवर बसत आणि दाढीच्या पात्याने त्या कोरत. एकीचा इंग्रजी आय, एकीचा सी-सारखा एका बाजूने उघडा चॅनल, एकीचा पोकळ डबा. मग दोन पुस्तकांवर त्या आडव्या ठेवून वर वाटीत वजनं टाकायची.

"तुळई वाकते तेव्हा वरचं अंग दबतं, खालचं ताणलं जातं," ते सांगत. "मधलं नुसतं बसून असतं. म्हणून मधलं कमी करायचं. झाला आय."

"आणि चॅनल?"

"तो तऱ्हेवाईक. त्याला एकच बाजू. वजन आलं की पीळ खातो. दोन घ्यावेत आणि पाठीला पाठ लावून बांधावेत, मग सरळ वागतात."

"अंघोळ करायचीय की पूल बांधायचाय?" आई विचारी. आठवडाभर मग घरात तिघंही आय आकाराच्या साबणाने अंघोळ करत. तो दिवसागणिक झिजत जाई आणि बुधवारपर्यंत कमरेत मोडे.

तेव्हा या दोन खोल्या मिळून एकच मोठी खोली होती. दोन्ही टोकांना खिडक्या. सकाळी ऊन एकीतून आत येई, संध्याकाळी दुसरीतून जाई.

लेक चौदा वर्षांची झाली आणि तिला दार लावता येईल अशी खोली हवी झाली. ती भांडली. बाबांना म्हणाली, "या घरात श्वास घ्यायलासुद्धा जागा नाही."  सुट्टीत ती आत्याकडे गेली. दीड महिन्याने परतली तर वर सामानासाठी एक नवी खोली उठली होती आणि खाली मोठ्या खोलीच्या मधोमध भिंत. गिलावा अजून ओला होता.

"घे. तुझी खोली," भिंतीपलीकडच्या अर्ध्या भागाकडे बोट दाखवून बाबा म्हणाले आणि हात धुवायला गेले.

पुढे साबण कोरणं कधी बंद झालं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. बोलणं-चालणं नीट होतं, थट्टामस्करी होती, तिच्या पहिल्या नोकरीचे पेढे बाबांनीच वाटले. पण त्या भिंतीबद्दल दोघं कधी बोलले नाहीत. ती रागाने बांधलेली भिंत आहे, असं लेकीने मनाशी धरलं होतं. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, तरी ते तसंच होतं.

ती चार दिवसांची रजा काढून आली. भिंत ठोकून पाहिली. भरीव विटांची, आणि बरोबर तिच्या डोक्यावर माडीची भिंत. म्हणजे वरचा सगळा भार हिच्यावर. तिने हिशोब केला आणि आय छेदाचा गर्डर मागवला. तो घेऊन आला गावातला वेल्डर. त्याला सगळे ठिणगी म्हणत, कारण त्याच्या प्रत्येक शर्टाला बारीक भोकं होती. त्याने भिंतीच्या दोन्ही बाजूंना छताला लोखंडी टेकू लावले.

"उद्या सकाळी फोडू," तो म्हणाला. "काकू, भांडी झाकून ठेवा."

त्या दुपारी लेक आपल्या जुन्या खोलीत आडवी झाली. टेकूंच्या सावल्या जमिनीवर पडल्या होत्या. डोळा लागला न लागला तोच तिला वाटलं, कुणीतरी सगळं घरच पात्याने अलगद कापलंय. कापलेलं तोंड साबणासारखं गुळगुळीत, किंचित हिरवट. आत भिंती, वर माडी, खाली आई चालतेय, आणि कुठूनतरी ओल्या साबणाचा वास. तिने हात लावला तर तो वास बोटांना लागला. जागी झाली तेव्हा आई दारात उभी होती.

"हसत होतीस झोपेत," आई म्हणाली.

सकाळी ठिणगीने छताजवळून सुरुवात केली. गिलाव्याचा पापुद्रा पडला आणि तो थांबला. छिन्नीच्या टोकाला गोणपाटाचा धागा आला होता.

"ताई, इथे कुणीतरी आधीच येऊन गेलंय."

ती शिडीवर चढली. विटांचा शेवटचा थर आणि त्याच्या वरचं यांत बोटभर फट होती. फटीत गोणपाट कोंबलेलं. आणि फटीच्या वर लोखंड. त्याने आणखी गिलावा उतरवला. दोन चॅनल, पाठीला पाठ, मध्ये नळीचे तुकडे घालून बोल्टांनी आवळलेले. दोन्ही टोकं बाजूच्या भिंतींत जाड पत्र्यावर टेकवलेली. प्रायमर अजून तांबडा होता.

लेक शिडीवरच बसली. माडीचा भार या जोडीवर होता. खालच्या भिंतीने इतक्या वर्षांत स्वतःशिवाय कशाचंही वजन उचललं नव्हतं.

"आई, हे कधी घातलं?"

"तेच ना, तू आत्याकडे होतीस तेव्हा. आधी ते लोखंड चढवलं, चौघं माणसं लागली. मग खाली विटा."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"मला काय कळतंय त्यातलं? मला वाटलं, भिंत त्याला टांगलीय."

ठिणगी तोंड फिरवून हसला. लेकीलाही हसू आलं आणि त्याच श्वासात रडू. आई वॉकर टेकत जवळ आली.

"मी विचारलं होतं त्यांना, एवढा खटाटोप कशाला," ती म्हणाली. "म्हणाले, ही काही कायमची नाही. तिला जेव्हा नको होईल तेव्हा काढता आली पाहिजे."

"मग मला का नाही म्हणाले?"

"तू विचारलंस का कधी?"

 लेकीने व्हर्नियर मागवला, चॅनलची जाडी मोजली, गंज खरवडून पाहिला, खाली येऊन पाटीवर खडूने आकडे मांडले. दोनदा मांडले. वाक चालण्याजोग्या मर्यादेच्या निम्म्याहून कमी येत होता.

"तुमच्या गर्डरचं काम नाही," ती ठिणगीला म्हणाली.

"परत नेऊ म्हणता? नेतो. असं काम पाहायला मिळालं, तेच खूप."

भिंत दुपारपर्यंत गेली. विटा पोत्यांत भरल्या, धूळ बसायची वाट पाहिली. मग ठिणगीने एकेक टेकू सैल केला. लेक दोरी ताणून चॅनलची जोडी न्याहाळत होती. जोडी जागची हलली नाही.

संध्याकाळी आई एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत चालत गेली. सावकाश, मध्ये न थांबता. पोचल्यावर खुर्चीत बसली आणि बराच वेळ बाहेर बघत राहिली.

"समोरच्यांनी फाटक निळं केलंय," ती म्हणाली. "कधी केलं कोण जाणे."

लेक खाली फरशीवर पडली होती. ऊन तिच्या पायांवरून सरकत खोलीच्या पार टोकाला चाललं होतं. अंगावर विटांची लाल धूळ होती, आणि उठून हात धुवावेत असं तिला वाटत नव्हतं.

"झोप थोडी," आई म्हणाली. "मी बसलेय इथे."