मागच्या दारचा ड्रम

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी ड्रम आहे. आपली कहाणी सांगताना लोक छाती फुगवतात. मला मात्र ती मान खाली घालूनच सांगावी लागणार आहे.

मी जन्मलो तेल साठवायला. तेल संपल्यावर एका लोहाराने माझं तोंड कापलं, कडा ठोकून बोथट केल्या, आतून घासून रंग दिला आणि मला गावच्या नर्सबाईंच्या दवाखान्यात आणून ठेवलं. पुढे दोन खोल्यांचा दवाखाना, मागे बाईंचं घर. नळ नव्हता, तेव्हा हात धुवायला, सुया उकळायला, नव्या बाळाला पहिली आंघोळ घालायला पाणी माझंच. "ड्रम भरलाय ना? मग मला घोर नाही," असं बाई म्हणायच्या. ते ऐकून मी सुखावून जायचो.

मग छपरावर टाकी आली. मला मागच्या दारी, पन्हाळीखाली सरकवलं. माझं झाकण कोंबड्यांच्या खुराड्यावर गेलं. पावसाचं पाणी माझ्यात साचत राहिलं आणि मला कुणी विचारेनासं झालं.

एके दिवशी डासाची एक मादी माझ्यात उतरली. तिच्या पायांवर पांढरे पट्टे होते. पाण्याच्या जरा वर, माझ्या अंगाला तिने अंडी चिकटवली. काही दिवसांत पोटात अळ्या वळवळू लागल्या. आणि खरं सांगू? मला आनंद झाला. कुणाला तरी पुन्हा माझी गरज पडली, असं वाटलं. पंख फुटल्यावर ते डास भरदिवसा कुंपणापलीकडे उडाले. पलीकडे शिंपीकाकांचं घर होतं.

गावात तेव्हा दोघा-तिघांना डेंग्यू झाला होता. त्यांना चावलेला डास दुसऱ्याला चावला की आजार पुढे सरकतो, हे बाई घरोघर सांगत होत्या. टाक्यांत डोकावत होत्या, म्हाताऱ्या आज्यांनाही दम भरत होत्या. "उद्या परत येईन. पाणी असंच दिसलं तर माझ्याशी गाठ आहे!"

अशात शिंपीकाकांची लेक चिमणी तापाने फणफणली. पाचव्या दिवशी ताप उतरला, घरच्यांना हायसं वाटलं, आणि तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. बाईंनी धावपळ करून तिला गाडीत घातलं आणि मोठ्या दवाखान्यात पोहोचवलं.

दुसऱ्या दिवशी काका तिचे कपडे न्यायला घरी आले. बाईंना निरोप द्यायला मागच्या दाराने आले, तर मी समोर. त्यांनी माझ्यात वाकून पाहिलं.

"बाई, जरा बाहेर या. हे तुमचंच ना?"

बाईंचा चेहरा उतरला. "माझंच."

"माझ्या पोरीला यातलाच डास चावला का?"

"ते कुणालाच सांगता येणार नाही, काका. पण नाही, असं म्हणायला मला तोंड नाही."

काका कपड्यांची पिशवी उचलून गेले.

बाईंनी मला तिथेच लवंडलं असतं, तर गोष्ट झाकली गेली असती. काका चुगल्या करणारे नव्हते. पण बाईंनी आळीतल्या सगळ्यांना बोलावलं आणि माझ्याभोवती उभं केलं.

"अगं बाई! आणि आम्हाला दम देत होतीस होय?" एक आजी म्हणाली.

"द्या शिव्या, आजी. गावाची दारं ठोठावली, पण माझं मागचं दार उघडून बघितलं नाही. तुम्ही तरी आत्ता घरी जाऊन बघा."

मग त्यांनी सर्वांदेखत मला रिकामं केलं आणि तारेच्या घासणीने आतून खरवडून काढलं, कारण ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात. संध्याकाळपर्यंत आळीत ठिकठिकाणी भांडी पालथी पडल्याचे आवाज येत होते.

चिमणी दहाव्या दिवशी घरी आली. भिंतीला धरून चालत होती. तिच्याकडे पाहायचं धाडस मला झालं नाही. काका अजून बाईंकडून औषध नेतात. पूर्वीसारखे गप्पा मारायला बसत नाहीत.

मित्रांनो, आठवड्यातून एकदा आपल्याच घराच्या मागे जा. तिथे माझ्यासारखं कुणीतरी पाणी साठवून गप्प उभं असेल. त्याला घासा, उपडं करा. आम्हाला आपणहून पालथं होता येत नाही.