सूर्याला मेन नाय

"वयनी, येक ध्यानात ठेवा. मेन पाडला तरी वरची वायर जिवंतच. सूर्याला मेन नाय."

सोलर बसवून शिडीवरून उतरताना पुंजाराम वायरमन हे म्हणाला, तेव्हा मी किंजलला भरवत होते. "हो हो" म्हटलं आणि पुढचा घास तिच्या तोंडात सारला. सासऱ्यांना सांगायचं राहूनच गेलं. त्यांना मी काय सांगणार? बाबांनी तीस वर्षं वीजकेंद्रात वायरिंग केलेलं. घिवलीत कुणाचा पंखा अडकला तरी हाक त्यांनाच.

देशात उन्हाची वीज किती वाढली, हे बातम्यांत ऐकून बाबांनीच हे पॅनल घेतले. सफाळ्याच्या इंदूआत्यांना, म्हणजे त्यांच्या बहिणीलाही घ्यायला लावले.

आज दुपारी एकाएकी पंखा थांबला. किंजल रडत उठली. बघते तर मेन पाडलेला आणि गच्चीचं दार उघडं.

तिला काखेत घेऊन मी वर धावले. बाबा पॅनलखाली उकिडवे बसलेले. उंदराने कुरतडलेल्या वायरीतून तांबं चकाकत होतं. बाबांचं बोट त्यापासून वीतभर लांब.

"बाबा, हात मागे!"

"बोंबलतेस काय? मेन पाडलाय मी. मेली वायर."

"नाही मेली! ऊन आहे तोवर जिवंत असते. पुंजाराम सांगून गेलाय मला."

"कदी?"

"बसवलं त्याच दिवशी."

"आनि आज सांगतेस?"

बाबांनी हात मागे घेतला आणि दुसऱ्याच कुणाचा असावा तसा मांडीवर ठेवला.

"हाताखालच्या पोरांना जलमभर हेच शिकवलं मी," ते पुटपुटले. "आदी मेन, मग हात." मग एकदम माझ्याकडे बघितलं. "इंदूचा सकाळी फोन आलेला. तिची वायर सुटून लोंबतेय. मी म्हटलं, मेन पाड आनि दे खोचून."

तेव्हापासून फोन लावतेय. रिंग जाते, आत्या उचलत नाहीत. घरात त्या एकट्याच. हे बोईसरला पहिल्या पाळीत, फोन गेटवर जमा. बाबा निघालेत, पायात उलटसुलट चपला. पण सफाळे इथून जवळ का आहे?

तुमचं कुणी सफाळ्यात असेल तर एवढं करा. स्टेशनच्या पूर्वेला, निळ्या गेटचं घर. इंदूबाईंना खालूनच हाक मारा. ओ दिली तर म्हणावं, आहात तशा खाली या, कशाला हात लावू नका.

ऊन अजून कडक आहे.