दुखऱ्या जबड्याचं निमित्त

माझ्या तोंडाला कुलूप लागलं याचा आनंद शिलाईच्या दुकानात सगळ्यांनाच झाला. मास्तर मला रेडिओ म्हणतात. रेडिओ बंद पडला, आता शिवण सरळ येईल, असं ते गिऱ्हाइकांसमोर म्हणाले. एरवी मी त्यांच्या सात पिढ्यांची उजळणी केली असती, पण तोंड उघडलं की कानापुढचा सांधा कट्‌कन वाजायचा आणि कळ थेट कानशिलात जायची.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी माझीच खरडपट्टी काढली. वीस वर्षं दातांनी धागा तोडताय, टाचण्या दातांत धरताय, मग जबडा काय करणार? सांगितले ते सगळे घरचेच उपाय. दिवसातून तीनदा गरम ओल्या कापडाचा शेक, मऊ खाणं, जांभई आली तर हनुवटीखाली हात, आधाराला गालावरून बांधलेली पट्टी. ओठ मिटलेले, पण दातांवर दात टेकवायचे नाहीत. बोलणं कमी. हे शेवटचं ऐकून नवऱ्याने डॉक्टरीणबाईंचे दोनदा आभार मानले.

टाचण्या आता मनगटावरच्या उशीत आल्या आणि तिथेच घोळ झाला. मी कायम आठ टाचण्या दातांत घ्यायची. आठ कापडात जायच्या, आठ परत यायच्या, एक कमी पडली तर जिभेलाच कळायचं. उशीत चाळीस टाचण्या, त्यांचा हिशेब कोण ठेवणार? एका लहान मुलीच्या फ्रॉकची कॉलर शिवून उलटवली, तेव्हा बोटाला काहीतरी टोचलं. जबडा ठणकत होता, घरी जाऊन शेक घ्यायचा होता. आतलं कडक कापड असेल, असं म्हणून मी फ्रॉक तसाच काकींकडे सरकवला.

काकी आमच्याकडे तुरपाई करतात, बटणं लावतात आणि शेवटची नजर टाकतात. वय साठीच्या पुढे, चष्मा जाड.

तीन दिवसांनी त्या मुलीची आई आली. तिने टाचणी काउंटरवर ठेवली आणि मुलीच्या मानेवरचा ओरखडा दाखवला. मास्तर तिच्यापुढे अर्धे झाले. ती गेल्यावर त्यांनी मला विचारलं, तुझ्या हातून राहिली का? मी गालावरच्या पट्टीवर हात ठेवला आणि मान हलवली. त्याचा अर्थ नाही असाही होता आणि बोलता येत नाही असाही. मास्तरांनी सोयीचा घेतला. काकींना म्हणाले, आता डोळ्यांना विश्रांती द्या, उद्यापासून येऊ नका. काकींनी चष्मा पुसला, डबा उचलला आणि गेल्या. मी खाली मान घालून मशीन चालवत राहिले. लाज वाटली का? वाटली, पण मशीन थांबवलं नाही.

रविवारी जबडा बरा झाला. घास चावता येऊ लागला, कट्‌ आवाजही गेला. तरी मी पट्टी सोडली नाही. पट्टी होती तोवर मला कोणी काही विचारत नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी काकी घरी आल्या, माझ्यासाठी भोपळ्याचं पातळ सूप घेऊन. मला गप्प बसवून त्यांनी स्वतः कापड गरम पाण्यात बुडवून पिळलं आणि पट्टी सरकवून माझ्या गालाला लावलं. दात सैल सोड म्हणाल्या. चांगल्या जबड्यावर मी तो शेक घेत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकी आपल्याच नादात बोलत होत्या. चार दिवस घरी बसून सुईत दोरा ओवून पाहतेय, म्हणाल्या. दर वेळी पहिल्याच फटक्यात जातो.

"मग ती टाचणी मला कशी गं दिसली नाही?"

मी त्यांचा हात बाजूला केला.

"दिसणारच नव्हती, काकी. कॉलरच्या आत मी शिवून टाकली होती. बोटाला टोचली तेव्हाच मला कळायला हवं होतं."

काकींनी कापड पुन्हा पाण्यात बुडवलं, पिळलं आणि वाटीच्या काठावर पसरून ठेवलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"मास्तरांना सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतेस?"

एवढं बोलून त्या चपला घालून गेल्या. सूप मी प्यायले नाही.

सकाळी शटर वर जात असतानाच मी दुकानापाशी उभी होते. आत दोन गिऱ्हाइकं आली, मुद्दाम त्यांच्यासमोरच बोलायचं ठरवलं. मास्तरांनी हसत विचारलं, काय रेडिओ, जबडा कसा आहे?

मी पट्टी काढून काउंटरवर ठेवली.

"बरा आहे," मी म्हणाले. "रविवारपासून बरा आहे."

आणि मग पुढचं सांगितलं.