अंगठ्याचा ठसा

मित्रांनो, मी एक जुने चांदीचे नाणे आहे. पण माझ्या बदल्यात कुणी कधी साधी काडेपेटीही घेतलेली नाही. लढाईत पडलेल्या सैनिकांच्या आठवणीसाठी मला घडवले. माझ्यावर जमिनीत उलटी रोवलेली बंदूक आहे, तिच्यावर शिरस्त्राण आहे आणि खाली अक्षरे आहेत : 'आम्ही विसरलो नाही'. त्या बंदुकीसाठी टांकसाळीतल्या म्हाताऱ्या कारागिराने तीन साचे मोडीत काढले. "बघणारा दोन मिनिटं गप्प झाला पाहिजे," असे तो म्हणायचा.

पुढे मी एका संग्राहकाच्या घरी आलो. गप्प होणे सोडाच, त्याच्या बडबडीला खळ नव्हता. पाहुण्यांपुढे तो माझी पारदर्शक, सीलबंद डबी नाचवायचा. "हात नका लावू हं! अशी मोजकीच निघालीत." बंदूक उलटी का, हे त्याने एकदाही सांगितले नाही. मला त्याची किळस यायची. कारण त्याचा सख्खा थोरला भाऊच लढाईतून परतला नव्हता, आणि त्या भावाची बायको त्याच घरात, मागच्या खोलीत शिवणयंत्र चालवून दिवस काढत होती.

स्मृतिदिनी सकाळी अकराला भोंगा होतो आणि सगळे दोन मिनिटे स्तब्ध उभे राहतात. एका वर्षी त्याआधी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तेवढी दोन मिनिटं ते नाणं माझ्या हातात द्याल? ह्यांचं म्हणून माझ्याजवळ काहीच आलं नाही हो."

"छे! बोटं उमटतात, वहिनी. नाणं बाद होतं."

भोंगा झाला. रस्ता थांबला. हा गृहस्थ मात्र फोनवर माझ्याच डबीचे गोडवे गात होता! शिसारी आली मला. तेवढ्यात वहिनींनी कपाट उघडले, डबी फोडली आणि मला मुठीत घट्ट धरले. माणसाच्या हाताची ऊब मला तेव्हा पहिल्यांदा कळली.

"काय केलंत हे!" तो ओरडला. "आता कुत्रं विचारणार नाही याला!"

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या. "मग राहू दे माझ्याकडे."

आता मी त्यांच्या शिवणाच्या डब्यात, बटणांमध्ये असतो. अंगठ्याचा ठसा काळा पडला आहे. मित्रांनो, आठवणीच्या वस्तू जपा, पण ज्यांचे माणूस गेले त्यांच्यापासून त्या लपवू नका. आणि कधी मी तुमच्या हाती आलोच, तर मला घासून लख्ख करू नका. वहिनींचा ठसा जाईल.