बारा फेरे, सावकाश

अहवाल तयार होता. फक्त सही राहिली होती. "नियंत्रण कक्षातील लिपिक महिलेने संदिग्ध सूचना दिल्यामुळे प्रसूतिगृहाचा पाणीपुरवठा दोन तास खंडित झाला." पाणीपुरवठा कार्यालयातील अभियंता मुलीने रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर हे वाक्य मोठ्याने वाचले. समोर तिचे वडील पेपर वाचत होते. त्याच कार्यालयात चौतीस वर्षे रस्तोरस्ती झडपा फिरवून ते निवृत्त झाले होते.

"काय म्हणाल्या होत्या त्या बाई?" त्यांनी विचारले.

"शाळेमागच्या गल्लीत गळती आहे, तिथलं पाणी तासभर थांबव."

"यात न कळण्यासारखं काय आहे? मला कळलं की!"

"तुम्हाला कळणारच, बाबा. पण सहायकाने गल्लीऐवजी अख्खा विभागच बंद केला."

कार्यालयाने नुकताच एक संगणकीय सहायक कामाला लावला होता. कर्मचाऱ्याने साध्या शब्दांत काम सांगायचे आणि सहायकाने योग्य ते साधन निवडून ते पार पाडायचे, अशी पद्धत होती. कोणते साधन काय करते, हे मात्र त्याला साधनापुढे लिहिलेल्या वर्णनावरूनच समजे. ती वर्णने मुलीने लिहिली होती. अकराच्या अकरा, एका दुपारी उरकलेली.

"वाच बघू तुझी वर्णनं."

"'बंद-एक : पाणी बंद करते.' 'बंद-दोन : पाणी बंद करते.'"

"जुळी आहेत का गं?"

मुलीला हसू आले, पण ते ओठांवरच विरले. "एकाने गल्ली बंद होते, दुसऱ्याने विभाग. ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना! आणि त्या सहायकाला कुणी सांगितलं?"

तिने अहवाल टेबलावर पालथा ठेवला.

"नाचता येईना..." म्हणून वडिलांनी म्हण अर्धीच सोडली. "त्या बाईंचं काय होणार?"

"निलंबन, बहुतेक. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत त्यांची."

वडील उठले आणि माळ्यावरून एक पत्र्याची पाटी काढून आणली. ती पाहताच मुलीला बालपणीचे रविवार आठवले. अंगणात वडील तेलाच्या रिकाम्या डब्यांचे पत्रे कापत. खिळा आणि हातोडीने ठोकून ठोकून अक्षरे उमटवत आणि ती दोन्ही हातांनी पत्रा घट्ट धरून बसे. 'ब' आणि 'क' ती शाळेच्या आधी तिथेच शिकली होती. गावातल्या प्रत्येक झडपेवर अशी एक पाटी लटकत असे, आणि शाळेत जाताना ती मैत्रिणींना ऐटीत सांगे, "ही मी धरली होती!"

या पाटीवरची अक्षरे अजून स्पष्ट होती : "हिने बाजारपेठेचे पाणी बंद होते. दवाखान्याचेही. आधी दवाखान्याला कळव. बारा फेरे, सावकाश. एका गल्लीसाठी ही वापरू नकोस; कोपऱ्यावरची वापर."

"किती जपून करायचात तुम्ही काम!" ती म्हणाली.

"जपून नव्हे, उशिरा." वडील खाली बसले. "तू तेव्हा पाळण्यात होतीस. मी तापाने पडलो आणि बदलीवर एक माणूस आला. त्याने विचारलं, 'कोणती झडप?' मी म्हणालो, 'चौकातली.' चौकात दोन होत्या. मला माहीत होतं, त्याला नव्हतं. अग्निशमन केंद्राची टाकी कोरडी पडली. चौकशीत सगळ्यांनी त्याच्यावर खापर फोडलं, आणि मी तोंड उघडलं नाही. त्याची नोकरी गेली, माझी राहिली. या पाट्या त्यानंतरच्या आहेत."

मुलीने पाटीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवले. ज्या रविवारांना ती आयुष्यभर लाडाने कवटाळत आली होती, ते तिच्या वडिलांचे प्रायश्चित्त होते!

"पुन्हा भेटला तो?"

"नाही गं. म्हणून तर पाट्या करत राहिलो."

मुलीने अहवालातले ते वाक्य खोडले आणि तिथे लिहिले, "लिपिक महिलेची सूचना पुरेशी स्पष्ट होती. साधनांची वर्णने अपुरी होती. ती मी लिहिली होती." खाली तिने सही केली.

मग तिने साधनांची यादी उघडली. संध्याकाळपर्यंत चारच वर्णने झाली. प्रत्येक वर्णन ती वडिलांना वाचून दाखवी आणि ते अडवून विचारत, "पुन्हा सुरू करायला किती वेळ लागतो, ते कुठे आहे?"

"'बंद-दोन : संपूर्ण विभागाचे पाणी बंद करते, प्रसूतिगृहासह. एका गल्लीच्या दुरुस्तीसाठी वापरू नये. त्यासाठी बंद-एक आहे. पाणी पूर्ववत व्हायला दीड तास लागतो, कारण एकदम सोडल्यास नळ फुटतात. वापरण्यापूर्वी प्रसूतिगृहाला कळवल्याची खात्री कर्मचाऱ्याकडून करून घ्यावी. कोणता भाग बंद करायचा याबद्दल शंका असल्यास थांबून विचारावे.'"

वडिलांनी डोळे मिटून ऐकले. "आता तो बदलीवाला आला तरी चुकणार नाही," ते हळूच म्हणाले.

वाचकहो, आपल्यामागून काम हाती घेणारा माणूस असो वा यंत्र, आपल्या मनातले त्याला वाचता येत नाही. 'हे तर सगळ्यांनाच माहीत आहे' असे म्हणून आपण जे लिहायचे टाळतो, त्याची शिक्षा बहुधा दुसराच कुणीतरी भोगतो. ते वेळेवर लिहून ठेवणे, हे आपले कर्तव्य आहे.

मुलीने ती पाटी पुन्हा माळ्यावर ठेवू दिली नाही. सोमवारी ती पाटी तिच्या कार्यालयातल्या टेबलावर होती. आणि पलीकडे नियंत्रण कक्षात त्या लिपिक बाई नेहमीसारख्या कामावर हजर होत्या.